काळ्या ज्वारीचा गुन्हा

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या गल्लीतला होता, हे आज विचारलं तर मी गडबडेन. राजाजीनगरच्या खानावळीचं प्रकरण मात्र पहिल्या फोनपासून जसंच्या तसं डोक्यात आहे. गुन्हेगार सापडला की ते प्रकरण माणूस विसरू शकतो. ज्यात गुन्हाच घडला नव्हता आणि तरी कागदावर तो राहून गेला, ते विसरता येत नाही.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी राजाजीनगर भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं बंगळूरचं जुनं मराठी. पणजोबा इथे आले ते परत गेले नाहीत. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, खात्यात कन्नड आणि इंग्रजी, असं आमचं आयुष्य. त्यामुळे एखाद्या मराठी कुटुंबाची तक्रार आली की ठाण्यातले सगळे आपोआप माझ्या टेबलाकडे बघायचे.

शनिवार होता. दुपारची जेवणं आटोपत आली होती, तेवढ्यात फोन वाजला. एक माणूस कन्नडमध्ये घाईघाईने बोलला, "खानावळीत जेवणात विष घातलंय. लोक ओकतायत. घरातल्या धाकट्या सुनेला विचारा, सकाळीच भांडण झालंय." आणि त्याने फोन ठेवून दिला.

फोन कुणाचा, हे शोधायला फार वेळ लागला नाही. त्या गल्लीत फोन मोजकेच. खानावळीला लागून असलेल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने तो केला होता. समोर उभं केल्यावर त्याने कबूल केलं. भांडणाचा आवाज त्याने ऐकला होता, त्यातला धाकट्या सुनेचा ओळखला होता, पण मराठी येत नसल्यामुळे एकही शब्द कळला नव्हता.

"मग भांडण होतं हे कसं ठरवलं?" मी विचारलं.

माझा हेड कॉन्स्टेबल मंड्याकडचा, जिभेला लगाम नसलेला माणूस. दुकानदाराच्या आधी तोच बोलला, "सार, घरात माझी बायको आणि आई भांडतात तेव्हा मलाही काही कळत नाही. पण भांडण आहे एवढं कळतं."

खानावळ एका जुन्या मराठी कुटुंबाची होती. विजापूरकडून आलेली माणसं. खाली दोन खोल्यांत खानावळ, मागे कोठीची खोली, वर घर. थोरला मुलगा गल्ला आणि बाजार सांभाळायचा, त्याची बायको भाजी-आमटी करायची. धाकटा मुलगा काही वर्षांपूर्वी वारला होता. त्याची विधवा भाकऱ्या करायची. तिला एक मुलगी होती, लग्नाच्या वयाची. आणि या सगळ्यांच्या वर म्हातारे सासरे. त्यांना सगळा रस्ता अण्णा म्हणायचा.

आम्ही पोचलो तेव्हा ताटं तशीच पडली होती. कारखान्यातले कामगार पोट धरून फूटपाथवर बसले होते, काही जण रिक्षात घातले जात होते. पोटात कळा, गुरगुर, जुलाब, काहींना उलट्या. संध्याकाळपर्यंत बहुतेकांना सलाईन लावून घरी सोडलं. अण्णांना मात्र साखरेचा आजार होता, हृदय दुबळं होतं. अंगातलं पाणी गेलं ते भरून आलं नाही. रविवारी सकाळी ते वारले.

त्याच दिवशी थोरल्या मुलाने फिर्याद दिली. अंगावर अजून अंत्यविधीचं ओलं धोतर होतं. भावजयीशी सकाळी वाद झाला, तिने रागाने पिठात काहीतरी मिसळलं, अशी ती फिर्याद होती. खून आणि विषप्रयोग, दोन्ही कलमं लागली.

जेवणातल्या विषाच्या प्रकरणात आमच्या खात्यात एक शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. कोण आजारी पडलं ते नंतर बघा, आधी कोण जेवलं नाही ते बघा. मला ती ज्या अधिकाऱ्याने शिकवली, त्याला ती त्याच्या अधिकाऱ्याने शिकवली होती, आणि अनेकदा ती खरी ठरली होती. त्या घरात त्या दुपारी सगळे भाकरी जेवले होते. जेवली नव्हती ती फक्त धाकटी सून. पीठ तिनेच मळलं होतं. आणि कोठीच्या खोलीत, फळीच्या मागे, उंदराच्या विषाची अर्धी संपलेली पुडी सापडली. पुडीची जागा नोंदवून आम्ही पंचनामा केला. पीठ, भाकरीचे तुकडे आणि पुडी सीलबंद केली, शवविच्छेदनात काढून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला, आणि तिला अटक केली.

चौकशी दिवसाउजेडी, महिला कॉन्स्टेबलच्या समोर झाली. मी मराठीत बोलायला लागलो तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"अक्का, शनिवारी सकाळी भांडण कशावरून झालं?"

"घरातली गोष्ट आहे, साहेब."

"घरातला माणूस गेलाय. आता ती घरातली राहिली नाही."

तिने मान पुन्हा खाली घातली.

"शनिवारी जेवला का नाहीत?"

"उपवास. हे गेल्यापासून धरते. सगळ्या घराला ठाऊक आहे."

"उंदराचं औषध?"

"कोठीत उंदीर आहेत, ते पण सगळ्या घराला ठाऊक आहे. मांजर आणा म्हटलं तर भाऊजी म्हणतात, मांजर येईल ते दुधासाठी येईल, उंदरासाठी नाही."

महिला कॉन्स्टेबलला हसू आवरेना. तिला मराठी येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग भांडण उंदरांवरून झालं?"

"नाही."

"जागेवरून? वाटणीवरून?"

"नाही. साहेब, तुम्ही विचारत राहा, मी नाही म्हणत राहीन. एक सांगते. मला कुणाला मारायचंच असतं तर मामंजींना का मारलं असतं? त्या घरात 'जेवलीस का' म्हणून विचारणारे तेवढेच होते."

खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो, लपवणारा गरजेपेक्षा कमी. ही बाई लपवत होती. काय, ते मला कळत नव्हतं. भांडणाचा विषय आला की ती दगडासारखी बसायची. पोलीस कोठडीची मुदत संपली आणि ती न्यायालयीन कोठडीत गेली.

माझी पद्धत अशी होती की सकाळी दिवसाच्या कामांची यादी करायची आणि झालेलं काम खोडायचं. त्या यादीत जेवलेल्यांचे जबाब रोज मागे पडत होते, कारण आरोपी सापडलेला होता. तरी एकेकाला बोलावत गेलो. त्यात एक पुण्याचा मुलगा होता, इंदिरानगरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा. शनिवारी सुट्टी म्हणून दोन बस बदलून भाकरी खायला आला होता.

"सर, पहिल्या घासालाच टेस्ट ऑफ वाटली. थोडी कडवट. मी म्हटलं, इकडची स्टाइल असेल."

"कडवट लागली तर खाल्ली कशाला?"

"सर, बंगलोरला आल्यापासून भाकरी बघितली नव्हती. कडू काय, जळकी असती तरी खाल्ली असती. माझा रूममेट बघा, तो साऊथचा, त्याने राइस घेतला. सेम आमटी, सेम भाजी. त्याला नथिंग."

बाकीचे जबाब मी याच नजरेने पुन्हा वाचले. भात घेतलेले सगळे ठणठणीत होते. ज्यांनी एकच भाकरी खाल्ली ते थोडे आजारी, ज्यांनी ताव मारला ते जास्त. म्हणजे जे काही होतं ते भाकरीत होतं. पण हे तर आरोपीच्या विरोधातच जात होतं. भाकऱ्या तिनेच केल्या होत्या.

उलगडा झाला तो इस्पितळात. सही राहिलेला एक कागद घ्यायला मी गेलो होतो. त्या दिवशी ड्यूटीवर असलेला डॉक्टर तरुण होता. सही करता करता म्हणाला, "तुमच्या त्या बाईचं काय झालं? विष घालणारी?"

"आत आहे. का?"

"काही नाही. त्या आठवड्यात आनेकलकडून मजूर आले होते आमच्याकडे, बांधकामावरचे. अगदी हेच पोट. तेव्हा वाटलं, त्यांना कोण विष घालणार? त्यांच्याकडे वाटणी करायला आहे काय?"

तो विनोद म्हणून बोलला. मी तिथूनच हेड कॉन्स्टेबलला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरचं आनेकल गाठलं.

गावाबाहेर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. पत्र्याच्या खोपट्यांत गुलबर्ग्याकडची माणसं. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकऱ्या थापत होती. धान्य ठेकेदार द्यायचा. मी पोतं उघडायला लावलं. ज्वारी धुतलेली होती, तरी कितीतरी दाणे राखाडी, काही सरळ काळे. तोंड जवळ नेलं तर बंद खोलीतल्या ओल्या भिंतीचा वास.

"आजारी कधी पडलात?"

"पोतं नवीन फोडलं तेव्हा. सगळीच पडलो. कोंबड्यासुद्धा."

"आणि आता काय खाता?"

"तीच. स्वल्प स्वल्प. तांदूळ मिसळून." तिने भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केली. "काळी असली तरी ज्वारीच आहे ना, सार. धुतली, वाळवली, आता भाजतेय. विस्तवापुढे काय टिकतं?"

हेड कॉन्स्टेबल नाचणीच्या मुद्द्यावर, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यावर, वाढलेला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "सार, आमच्या मुद्द्याला कुणी नावं ठेवली तर आता उत्तर सापडलं." पण परत येताना जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "कोंबड्यांशी पण त्या बाईचं भांडण होतं का, सार?"

ठेकेदाराने ज्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्याकडूनच खानावळीचा माल येत होता. व्यापाऱ्याने काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. उत्तरेकडे कापणीच्या वेळी पाऊस लागला, कणसं शेतात उभ्या उभ्या काळी पडली, सगळ्या बाजारात तसाच माल. "धुऊन, वाळवून चांगल्यात मिसळतो, सार. सगळेच मिसळतात. नाही तर या वर्षी तुम्ही खाणार काय?"

मी तुरुंगात जाऊन तिला भेटलो. या वेळी भांडणाचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "अक्का, शनिवारचं पीठ कसं होतं?"

ती चमकली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी आनेकलला जाऊन आलो."

"सकाळी डबा उघडला तर कुबट वास. मी म्हटलं, भाऊजी, हे मी मळणार नाही. ते म्हणाले, धुतलंय, वाळवलंय, दळलंय, आता तव्यावर जाईल, वर निखाऱ्यावर. अग्नीतून निघालेल्या अन्नाला नाव ठेवतेस? मी म्हटलं, गिऱ्हाईक काय म्हणेल? ते म्हणाले, गिऱ्हाईक माझं आहे. आवाज चढला. मामंजी मध्ये पडले. म्हणाले, पहिली भाकरी मी खातो, मग झालं? आणि ते खरंच सगळ्यांच्या आधी जेवायला बसले."

"हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मामंजींना मारलं कुणी ठरलं असतं, साहेब? भाऊजींनी. बापाला पोटच्या मुलाने. माझी मुलगी त्यांच्या घरात आहे. तिचं लग्न ते करणार आहेत. त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही तर तिला कुठली राहील?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मळलं मीच. नाही नाही म्हणत मळलं."

मी तिच्या थोरल्या दिराला बोलावलं. आनेकलचं सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बापाच्या मागे केस काढलेले, डोळे खोल गेलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे ज्वारीने मेले म्हणता."

"तसं दिसतंय."

"ज्वारी आणली कोणी?"

मी समोरची फाइल मिटली.

"मग मला धरा."

"तुम्हाला धरायला कलम नाही. तुम्ही जाणूनबुजून काही केलं नाहीत."

"मग ज्वारीने मेले नाहीत," तो म्हणाला आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "साहेब, तिने केलं असेल तर मी दुःख करू शकतो. तुमचं खरं असेल तर मी काय करायचं ते सांगा."

दरम्यान न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला. नेहमीच्या विषांपैकी एकही आढळलं नव्हतं, उंदराचंसुद्धा नाही. तिला जामीन मिळाला. पण 'विष आढळलं नाही' याचा अर्थ 'विष नव्हतं' असा कोर्टात होत नाही. काही विषं शरीरात टिकत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

कर्नाटकात तपास बंद करताना दोन वाटा असतात. 'बी' अहवाल म्हणजे गुन्हा घडलाच नव्हता, फिर्याद गैरसमजातून झाली. 'सी' अहवाल म्हणजे गुन्हा घडला, पण कुणी केला ते सापडलं नाही. वाचणाऱ्याला हा कारकुनी फरक वाटेल. त्या बाईच्या दृष्टीने सगळं आयुष्य या दोन अक्षरांच्या मधे होतं. मला 'बी' हवा होता. त्यासाठी अण्णा काळ्या ज्वारीने गेले, हे कुणीतरी अधिकाराने लिहून द्यायला हवं होतं.

कोर्टाच्या परवानगीने उरलेलं पीठ आणि आनेकलची ज्वारी मी अन्नावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या शास्त्रज्ञ बाई माझ्याच वयाच्या. मोजून बोलणाऱ्या. त्यांनी वेळ घेऊन तपासणी केली आणि मला बोलावलं.

"भुईमुगाच्या बुरशीतलं विष तुम्ही ऐकलं असेल. ते आम्हाला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, त्याला कायद्यात मर्यादा आहे. हे दुसरं आहे. फ्युमोनिसिन म्हणतात. जगालाच ते अलीकडे कळलंय. तुमच्या पिठात ते आहे, आणि भरपूर आहे."

"भाजल्यावर जात नाही?"

"बुरशी मरते. विष बरंचसं राहतं. धुतल्याने थोडं जातं, सगळं नाही."

"मग लिहून द्या, मॅडम. म्हातारा याने गेला."

त्यांनी चष्मा काढला. "कसं लिहू? किती पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो, किती गेलं तर मरतो, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. जनावरांवर थोडं काम झालंय. माणसांचं माहीत नाही. तुमच्या त्या कामगारांची पोटं एका दिवसात बरी झाली. म्हाताऱ्याला साखर होती, हृदय दुबळं होतं. 'आढळलं' असं मी लिहीन. 'यामुळे झालं' असं लिहिलं तर ते मी अंदाजाने लिहिलेलं होईल."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही बरोबर आहात. पण वाटण्यावर माझी सही होत नाही."

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. त्यांचा कागद घेऊन मी सरकारी वकिलाकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "मर्यादा किती आहे?"

"ठरलेली नाही."

"मग ओलांडली कशी?"

"ओलांडली असं कुठे म्हटलंय? आढळलं एवढंच आहे."

"तेच म्हणतोय मी. उद्या माझ्या घरची ज्वारी तपासली तर तिच्यातही थोडं आढळेल. मी अजून जिवंत आहे."

वरिष्ठांनी फाइल परत पाठवली. भांडण सिद्ध, पुडी सापडलेली, पीठ मळणारी जेवली नाही, एक माणूस मेलेला, आणि समोर एक 'आढळलं'. एवढ्यावर 'गुन्हा घडलाच नाही' असं म्हणता येणार नाही. माझं म्हणणं मी पुन्हा लेखी मांडलं, तेही परत आलं. पुराव्याअभावी आरोपीचं नाव वगळून 'सी' अहवाल दाखल करावा, असा आदेश होता. तो दाखल झाला. व्यापाऱ्याच्या मालाचा नमुना अन्न निरीक्षकाने नेला होता, खराब दाण्यांचं प्रमाण नियमात बसत होतं. काळी ज्वारी त्या उन्हाळ्यापर्यंत विकली जात राहिली.

अहवाल मंजूर झाल्यावर काही दिवसांनी ती ठाण्यात आली. बसायला सांगितलं तरी उभी राहिली.

"साहेब, एक कागद पाहिजे होता. मुलीला हुबळीचं एक स्थळ आलंय. त्यांच्या कानावर गेलंय. म्हणतात, पोलिसांनी सोडलं तर सोडल्याचा कागद दाखवा."

मी तिला अहवालाची नक्कल दाखवली. तिला कन्नड बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"तुमच्याविरुद्ध पुरावा नाही, असं लिहिलंय."

"आणि वर? वर बरंच काही आहे."

खोटं सांगता येत नव्हतं, दुसऱ्या कुणी वाचून दाखवलंच असतं. "गुन्हा घडला, पण कुणी केला ते सापडलं नाही."

"म्हणजे कुणीतरी केलाच."

"कागदापुरतं."

"स्थळवाल्यांकडे कागदच जाणार ना, साहेब," ती म्हणाली. नक्कल घेतली नाही. ते स्थळ मोडलं. पुढे कळलं की दिराने तिला घरातून जा असं कधी म्हटलं नाही, पण पिठाच्या डब्याला हात लावू नको असं जावेकरवी सांगितलं. भाकरी करणाऱ्या बाईला त्या घरात दुसरं काम नव्हतं. मुलीला घेऊन ती बहिणीकडे निघून गेली.

दोन-तीन वर्षं गेली. मी दुसऱ्या ठाण्यात होतो. एक दिवस त्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. उत्तरेकडच्या कितीतरी गावांत असेच रुग्ण सापडले होते, घराघरांतली ज्वारी तपासली गेली होती. पावसात भिजलेल्या ज्वारीतलं हे विष माणसाला आजारी पाडतं, हे आता मानलं जात होतं. "तेव्हा जे लिहू शकले नाही, ते आता लिहू शकते," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाईंना उपयोग होणार असेल तर सांगा."

त्यांच्याकडून तसा कागद घेऊन मी कायदेशीर सल्ला घेतला. नवा पुरावा म्हणून पुढील तपासाची परवानगी मागता येणार होती. तिचा अर्ज असता तर काम सोपं झालं असतं. पत्ता काढला. बहीण आनेकलची, आणि आता मुलगीही तिथेच दिलेली. साध्या कपड्यांत, बसने गेलो.

मुलीच्याच घरी ती भेटली. जावई रेशमाच्या कारखान्यात होता. ओसरीवर विहीणबाई तूर निवडत बसल्या होत्या. मला पाहून ती एकदम उठली, अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. मी सगळं सांगितलं. 'बी' अहवाल, नवा कागद, तिचं नाव पूर्ण स्वच्छ होईल ते. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"कोर्टात परत जाईल?"

"जाईल. तुमचा जबाब लागेल. कदाचित इथल्या ठाण्यातून समन्स येईल."

"इथल्या ठाण्यातून." तिने ओसरीकडे पाहिलं. "साहेब, या घरात कुणाला काही ठाऊक नाही. मामंजी म्हातारपणाने गेले, एवढंच सांगितलंय. मी निर्दोष आहे हे तुम्ही सांगायला गेलात, तर कशातून निर्दोष ते आधी सांगावं लागेल."

मी खिशातल्या कागदाला हात घातला.

"तेव्हा लागत होता हा कागद," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता राहू द्या. माझ्या हातची भाकरी हे लोक रोज खातात."

तेवढ्यात विहीणबाईंनी हाक मारली. पाहुणे कोण, आत का येत नाहीत?

"राजाजीनगरचे ओळखीचे अण्णा आहेत," तिने जरा मोठ्याने उत्तर दिलं. "भाच्यासाठी मुलगी बघायला आलेत या बाजूला."

मग कॉफी आली. मला ओसरीवर बसावं लागलं. विहीणबाईंनी तूर बाजूला सारून चौकशी सुरू केली. भाचा कुठे असतो, काय करतो, घरात माणसं किती. मला भाचा नाही. माझ्या नोकरीत मी शेकडो लोकांकडून खरं वदवून घेतलं होतं, आणि शर्टाच्या खिशात त्या बाईचं खरं घडी करून ठेवलं होतं. ती दाराला टेकून माझ्याकडे बघत होती.

"बँकेत असतो," मी म्हणालो. "चांगला मुलगा आहे."

निर्दोष ठरण्यालाही वेळ असते, आणि ती टळल्यावर न्यायसुद्धा माणसाच्या दारात नकोशा पाहुण्यासारखा उभा राहतो, हे मी त्या अंगणात शिकलो. शास्त्राने घाई केली नाही ते बरोबर, कायद्याने अंदाजावर सही केली नाही तेही बरोबर. दोघांना खात्री पटेपर्यंत मधल्या काळात कुणीतरी जगत असतं, त्याचा रकाना आमच्या कुठल्याच अहवालात नव्हता. अर्ज मी केला नाही. ती फाइल अजून 'सी'मध्येच असेल, आणि ती तशीच राहावी ही त्या गुन्ह्यातल्या आरोपीचीच इच्छा होती.